तिसऱ्या चालीनंतर पट धूसर का होतो?

पत्राचा सारांश: पत्र चाळिशी ओलांडलेल्या एका वाचकाचं आहे. ते बरीच वर्षं बुद्धिबळ खेळतात. ऑनलाइन रोज, अधूनमधून स्पर्धांतही. डावपेचांची कोडी भरपूर सोडवून झाली आहेत. पण प्रत्यक्ष डावात दोन चालींपुढचा विचार करायला गेलं की डोक्यातला पट "धुक्यात जातो". मारला गेलेला मोहरा अजून उभाच दिसतो, हललेला मोहरा जुन्या घरातून हलत नाही. गेल्या स्पर्धेत त्यांच्या गणितात एफ३ (म्हणजे पटावरच्या एफ या उभ्या रांगेतलं तिसरं घर) वरचा घोडा कधीच पुढे गेला होता. तरी त्यामुळे वजिराला डी१ पासून एच५ पर्यंतचा तिरपा रस्ता मोकळा झालाय हे लक्षात आलं नाही, आणि जिंकायचा डाव बरोबरीत सुटला. त्यांची अकरा वर्षांची मुलगी मात्र "पाच-सहा चाली" चटकन सांगून मोकळी होते. पट न बघता खेळण्याचा सरावही त्यांनी करून पाहिला. दहाव्या चालीच्या आतच सगळं विस्कटलं. ते विचारतात: ही देणगी जन्मजातच असते का? या वयात ती कमावता येईल का? की सरळ शांत ओपनिंग (डावाची सुरुवात) धरावी, किंवा लांब डाव सोडून फक्त ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, खेळावं? पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे.

---

तुमचा प्रश्न धुक्याबद्दल आहे, पण तुम्ही दिलेलं उदाहरण धुक्याचं नाहीच. पट सगळा जागेवर होता. वजीर कुठे आहे, राजा कुठे आहे, प्यादी कशी आहेत, हे तुम्हाला ठाऊक होतं. चुकलं ते एकच घर. एफ३ रिकामं झालं होतं आणि तुमच्या हिशोबात ते भरलेलं राहिलं. चौसष्टपैकी एका घराची नोंद जुनी राहिली, आणि एका घराची खात्री गेली की बाकीच्या घरांवरचाही विश्वास उडतो. मग वाटतं, सगळंच पुसट झालं.

ही चूक फक्त तुमची नाही. सोव्हिएत ग्रँडमास्टर निकोलाय क्रोगियस मानसशास्त्रज्ञही होते. खेळाडूंच्या चुका तपासताना त्यांनी हा प्रकार वेगळा काढून दाखवला होता: गणित पुढे सरकतं, पण आधीच्या स्थितीतला एखादा मोहरा मनात मागेच रेंगाळतो. त्यांनी आणखी दोन प्रकार सांगितले. एकात खेळाडू "आता काय, जिंकलोच" असं ठरवून पुढे बघणंच थांबवतो. दुसऱ्यात पुढे येऊ शकणारा धोका आत्ताच पटावर आहे असं धरून चालतो. हे तिन्ही घोटाळे कसलेल्या खेळाडूंकडूनही होतात. त्यामुळे "माझ्यात ती शक्तीच नाही" हा निष्कर्ष तूर्तास बाजूला ठेवा.

तुम्ही ज्याला देणगी म्हणता, ती म्हणजे डोळे मिटले की लख्ख दिसणारा फोटो, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. बहुतेकांचा हाच समज असतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांचाही सुरुवातीला असाच अंदाज होता. पट न बघता खेळणाऱ्यांना त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि १८९४ मध्ये निष्कर्ष छापले. अनेक तगड्या खेळाडूंना मोहऱ्यांचा रंग, आकार, लाकडाची चमक यातलं काहीच "दिसत" नव्हतं. उंट कुठवर मारतो, हत्ती कोणाला धरून बसलाय, कोणतं घर कोणाच्या ताब्यात आहे, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. घरातले दिवे गेले तरी दाराची कडी आपल्याला बरोबर सापडते, तसं हे आहे. डोळ्यांसमोर चित्र नसतं आणि हात मात्र चुकत नाही.

काही माणसांच्या मनात चित्र उमटतच नाही. २०१५ मध्ये ब्रिटिश मेंदूविज्ञानी ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थितीला "अफँटेशिया" असं नाव दिलं. तुम्ही त्यांच्यापैकी असाल किंवा नसाल. पण डोळे मिटल्यावर अंधारच दिसतो म्हणून बुद्धिबळ सोडायचं कारण नाही, हे बिनेंच्या खेळाडूंवरून कळतं.

मग तगड्यांकडे असतं तरी काय? १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक साधा प्रयोग केला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवायची, झाकायची आणि आठवून मांडायला लावायची. मास्टरने बहुतेक मोहरे अचूक मांडले, नवख्याला मोजकेच जमले. मग तेच मोहरे पटावर वाटेल तसे विखुरले, तेव्हा मास्टर आणि नवखा यांच्यातलं अंतर जवळपास नाहीसं झालं. स्मरणशक्ती तीच, डोळे तेच. किल्लेकोट केलेला राजा आणि त्याच्यापुढची तीन प्यादी मास्टर चार वेगळ्या वस्तू म्हणून लक्षात ठेवत नाही, त्याच्यासाठी तो एकच ओळखीचा गट असतो. हे गट खेळून, बघून आणि हरून साठत जातात. ते किती वेगाने साठतात यात माणसामाणसांत फरक असेल, पण ते घेऊन कोणी जन्माला येत नाही.

"पाच-सहा चाली पुढे" हे मोजमापही मला खटकतं. डच मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः चांगले खेळाडू असलेले आद्रियान डी ग्रूट यांनी खेळाडूंना एकेक स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला लावला. त्यांच्यात अलेखिन, ऑयवे यांच्यासारखे जगज्जेते होते आणि साधे चांगले खेळाडूही. १९४० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून निघालं ते असं, की ग्रँडमास्टर त्यांच्याहून कमी दर्जाच्या खेळाडूंपेक्षा फार खोल बघत नव्हते. ते योग्य चालीकडे बघत होते.

खोलीचा आकडा किती फसवा असतो ते बघा. काळा राजा एच८ वर, त्याची प्यादी जी७ आणि एच७ वर, हत्ती डी८ वर. पांढरा वजीर सी४ वर, घोडा जी५ वर. पांढऱ्याची चाल. घोडा एफ७ वर जाऊन शह देतो. राजाला जी८ शिवाय जागा नाही. घोडा एच६ वर उडी मारतो. आता घोड्याचाही शह आणि वजिराचाही. राजा एफ८ ला गेला तर वजीर एफ७ वर मात करतो, म्हणून तो एच८ ला परततो. मग वजीर थेट जी८ वर जाऊन बसतो! त्याला घोड्याचा आधार आहे, त्यामुळे राजाला तो मारता येत नाही आणि हत्तीलाच मारावा लागतो. आता राजा स्वतःच्याच माणसांत कोंडला गेला, आणि घोडा एफ७ वर येऊन मात देतो. पांढऱ्याच्या चार चाली. थोडा सराव झाला की हे मुलांनाही दिसतं, कारण प्रत्येक पायरीवर शह आहे आणि प्रतिस्पर्ध्यापुढे एक किंवा दोनच उत्तरं. याउलट मधल्या डावातल्या शांत स्थितीत दोनच चाली नीट बघणं जड जातं, कारण प्रत्येक वळणावर पाच-सहा वाटा फुटतात. तुमची मुलगी "पाच-सहा चाली" सांगते तेव्हा त्या कोणत्या प्रकारच्या आहेत आणि समोरच्याची उत्तरं त्यात धरली आहेत का, हे एकदा शांतपणे बघा. तिचं कौतुक कमी करा असं म्हणत नाही. पण तिच्याशी तुलना करून स्वतःला नापास करू नका.

सरावाकडे वळण्याआधी एक काम करा. या सदराच्या इतर वाचकांनीही करावं. तुमच्या हरलेल्या आणि निसटलेल्या डावांच्या चालींचे कागद काढा. जिथे गणित चुकलं तिथे दोनपैकी एक खूण करा. ती चाल विचारात घेतली होती, पण पट चुकीचा दिसला? की ती चाल विचारातच आली नव्हती? पहिला प्रकार म्हणजे तुमचा एफ३ चा घोडा. दुसऱ्या प्रकाराला आपण सहसा "दिसलं नाही" म्हणतो, पण खरं तर तिकडे पाहिलेलंच नसतं. "मी हे खेळलो की तो ते खेळेल" यातलं "ते" आपल्याच सोयीचं धरलेलं असतं. कल्पनाशक्ती वाढवून हे सुटत नाही. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने शह, मारामारी आणि धमक्या शोधण्याची सवयच लावावी लागते. माझा अंदाज असा, की तुमच्या कागदांवर दुसऱ्या प्रकारच्या खुणा तुम्हाला वाटतं त्याहून जास्त निघतील.

आता पहिल्या प्रकाराचा सराव. मधूनमधून थांबून पटाची उजळणी करणं हा त्याचा गाभा आहे. लोक चाली मनातल्या मनात धडाधड पळवतात आणि शेवटी जाऊन चित्र बघतात. तसं न करता एक चाल तुमची, एक समोरच्याची, की थांबायचं. कोणतं घर रिकामं झालं? कोणतं भरलं? रिकाम्या घरातून कोणाचा रस्ता मोकळा झाला आणि भरलेल्या घराने कोणाचा अडला? कोणत्या मोहऱ्याचा राखणदार गेला? सुरुवातीला हे अक्षरशः पुटपुटत करा. फार संथ वाटेल. वाटू द्या.

यासाठी एक जुना डाव घ्या. अठराव्या शतकातले नामवंत फ्रेंच खेळाडू फिलिडॉर यांचे गुरू लेगाल यांच्या नावाने तो ओळखला जातो. पट मांडलेला असू दे, पण मोहऱ्यांना हात लावू नका. दोन्ही बाजूंची राजापुढची प्यादी दोन-दोन घरं, ई४ आणि ई५. पांढरा घोडा एफ३, काळ्याचं प्यादं डी६. पांढरा उंट सी४, काळ्याचा उंट जी४. पांढरा दुसरा घोडा सी३, काळ्याचं प्यादं जी६. आता पांढरा एफ३ वरच्या घोड्याने ई५ वरचं प्यादं मारतो. थांबा. एफ३ रिकामं झालं. डी१ ते एच५ हा तुमचाच तिरपा रस्ता उघडला, आणि तो दोघांनाही उघडलाय: जी४ वरचा काळा उंट वजिरावर आलाय आणि वजीर त्या उंटावर. उंटाने वजीर मारला, तर पांढरा सी४ चा उंट एफ७ वर मारून शह देतो. राजाला ई७ शिवाय घर नाही, आणि सी३ चा घोडा डी५ वर येतो. मात. ही मात का आहे, म्हणजे राजाचं एकेक घर कोण अडवतंय, हे पटाकडे न बघता सांगून बघा. मग दुसरी वाट तपासा: काळ्याने मोह आवरला आणि डी६ च्या प्याद्याने घोडा मारला तर? पांढरा वजीर जी४ वरचा उंट घेतो आणि शेवटी एका प्याद्याने पुढे राहतो. ज्याच्या मनात एफ३ वर घोडा अजून उभा आहे, त्याला ही वाट कधीच दिसणार नाही.

अशा छोट्या डावांच्या चाली वाचा. सुरुवातीला प्रत्येकी दोन चाली मनात खेळा, मग पटावर मांडून पडताळा, तिथून पुढच्या दोन. जमायला लागलं की तीन. संपूर्ण डाव एका दमात डोक्यात खेळण्याचा हट्ट नको.

पटाशी जवळीकही हवी. तुम्हाला एफ५ हे घर पांढरं की काळं, हे विचार न करता सांगता येतं का? नसेल तर एक युक्ती आहे. अक्षराचा क्रमांक आणि आकडा यांची बेरीज सम आली तर घर काळं, विषम आली तर पांढरं. एफ म्हणजे सहा, सहा अधिक पाच अकरा, म्हणून पांढरं. काही दिवसांत बेरीज करायची गरज उरत नाही, रंग आपोआप आठवतो. घोड्याच्या वाटा शोधायलाही मजा येते. ए१ वरून एच८ ला जायला घोड्याला सहा उड्या लागतात. पटाच्या मध्यात तिरपं शेजारचं घर दोन उड्यांवर असतं, पण कोपऱ्यातल्या ए१ वरून लगतच्या बी२ ला जायला चार लागतात. त्या चार शोधून काढा.

मोहरे कमी असलेल्या स्थिती या कामाला फार चांगल्या, आणि तिथे मी सगळ्यांना रिचर्ड रेटी या खेळाडूची १९२१ सालची रचना सुचवते. पांढरा राजा एच८, प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. पांढऱ्याने चाल करून डाव बरोबरीत सोडवायचा. पहिल्या नजरेला अशक्य वाटतं: राजा काळ्याच्या प्याद्यापासून फार मागे आणि स्वतःच्या प्याद्यापासून फार दूर. राजा जी७, एफ६, ई५ असा तिरपा चालतो आणि एकाच वेळी दोन्हीकडे जवळ सरकतो, एवढंच सांगते. उत्तर मांडायला चारच मोहरे आहेत, त्यामुळे "धुकं" ही सबब चालणार नाही. याच रेटीने १९२५ मध्ये साओ पाउलोत पट न बघता एकाच वेळी २९ डाव खेळून तेव्हाचा विक्रम केला होता.

विक्रमांचा विषय निघालाच आहे. १९४७ मध्ये नायडॉर्फने असे ४५ डाव खेळले, २०१६ मध्ये तिमूर गरेयेवने ४८. थक्क व्हावं असंच आहे हे. पण त्यावरून आपणही डोळे बांधून सुरुवात करावी हे मला पटत नाही. दहाव्या चालीच्या आत विस्कटलं म्हणून तुम्ही खचलात, आणि त्या प्रयत्नाने शिकवलं काहीच नाही, कारण नेमकं कुठे विस्कटलं हे कळायला मार्ग नव्हता. मोनॅको आणि आसपासच्या शहरांत २०११ पर्यंत बरीच वर्षं अँबर नावाची स्पर्धा व्हायची. तिथे अर्धे डाव समोर रिकामा पट ठेवून खेळले जायचे, आणि जगातले अव्वल खेळाडूही त्यात मोहरे फुकट घालवायचे. हा सराव वर्षभराने, गंमत म्हणून करा.

ऑनलाइन कोड्यांबद्दल थोडं कडक बोलते. घड्याळाशी शर्यत लावून सोडवलेल्या कोड्यांनी ओळखीचे गट वाढतात, ते फुकट जात नाही. पण पहिली चाल बरी वाटली की दाबायची आणि पुढचं पुढे बघायचं, ही सवय तुमच्या दुखण्यावर मीठ चोळते. रोज तीन-चारच कोडी घ्या. पूर्ण उत्तर समोरच्याच्या सगळ्यात चिवट प्रतिकारासकट कागदावर लिहा आणि मगच पहिली चाल करा. पडद्यावर बाण काढू नका. स्पर्धेच्या टेबलावर ते नसतात. शक्य असेल तर कोडं खऱ्या पटावर मांडा. वीस मिनिटं पुरे. डोकं शिणल्यावर हा सराव केला तर चुकीचं बघण्याचाच सराव होतो.

आता तुमच्या दोन पर्यायांबद्दल. शांत ओपनिंग घ्यायला हरकत नाही, आवडत असेल तर जरूर घ्या. पण गणितातून सुटका म्हणून घेऊ नका. शांत स्थितीतही पंधराव्या-विसाव्या चालीला मारामारी होतेच, आणि तेव्हा तुम्ही अधिकच बिनसरावाचे असाल. ब्लिट्झचा पर्याय मला त्याहून वाईट वाटतो. तिथे गणिताला वेळ नसल्याने तुमची उणीव झाकली जाते आणि "बरं चाललंय" असं वाटत राहतं. खेळायला मजा येते म्हणून ब्लिट्झ खेळा, पण लांब डाव सोडू नका. उजळणीची सवय प्रत्यक्ष वापरून बघायला वेळ तिथेच मिळतो.

महिन्याभरात चमत्कार होणार नाही, हे आधीच सांगते. या स्पर्धेसाठी दोनच गोष्टी धरा. पहिली: प्रत्येक चालीला खोल जाऊ नका. जिथे शह, मारामारी किंवा थेट धमकी आहे तिथेच खोल बघा. बाकी ठिकाणी माझी चाल, त्याचं सगळ्यात त्रासदायक उत्तर आणि त्यावर माझ्याकडे काही आहे का, एवढं पुरतं. दुसरी: लांब गणित केल्यावर मन त्या पुढच्या स्थितीतच अडकून राहतं, आणि समोरच्या पटावर पहिल्याच चालीला काहीतरी फुकट जातं. म्हणून चाल ठरली की नजर एकदा पटावरून बाजूला न्या, परत आणा आणि आत्ता जे मोहरे जिथे उभे आहेत तिथूनच प्रतिस्पर्ध्याचं पहिलं उत्तर तपासा. हे हात उचलण्याआधी करायचं, कारण मोहऱ्याला हात लागला की तोच खेळावा लागतो.